आवाज आणि गावे

पुण्याला माणसे नाना कारणांनी येतात. कोणी डॉक्टरला प्रकृती दाखवावयास येतो, कोणी मुलीसाठी स्थळ पाहावयास, कोणी लग्नाचा बस्ता बांधावयास. आम्ही बापलेक गेल्या भाद्रपदात साताऱ्याहून पुण्याला आलो ते एका पाटीसाठी. पाटी दुकानाची नव्हे आणि दारावरचीही नव्हे. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा नऊ इंच लांब आणि चार इंच रुंद असा एक तुकडा, आणि त्यावर दोन शब्द. एस.टी.त शेजारी बसलेल्या गृहस्थांनी सहज चौकशी केली. मी खरे ते सांगितले. त्यांनी एकदा माझ्याकडे व एकदा माझ्या मुलीकडे पाहिले आणि खिडकीबाहेर तोंड करून ते खंबाटकीचा घाट न्याहाळू लागले.

त्यांचा काही दोष नाही. दोन शब्दांसाठी दोन माणसांनी साठ-सत्तर मैल यावे हे मलाही महिन्यापूर्वी पटले नसते. पण त्या महिन्यात मी एक धडा शिकलो होतो, आणि गेली वीस वर्षे मी इतरांना धडे देत आलो असल्यामुळे तो मला अंमळ जडच गेला होता.

गोष्ट आमच्या दादांपासून सुरू होते. दादा म्हणजे माझे वडील. शाळेत हस्तकला शिकवीत. १९७४ साली त्यांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी रेडिओ जोडला होता. पेटी चहाच्या खोक्याच्या प्लायवूडची. त्या काळी रेडिओ ठेवावयाचा तर पोस्टातून परवाना काढावा लागे. तोही त्यांनी रीतसर काढला होता. पेटीच्या तोंडावर दोन बटणे होती आणि त्यांच्या वर पांढऱ्या तैलरंगाने, बारीक ब्रशाने, त्यांनी दोन शब्द लिहिले होते. डाव्या बटणावर ‘आवाज’ आणि उजव्यावर ‘गावे’. त्या वेळच्या विकतच्या रेडिओंच्या काचेवर गावांची नावे छापलेली असत आणि काटा फिरवला की आपण मुंबईहून दिल्लीला, दिल्लीहून कोलंबोला जात असू. दादांच्या पेटीला काच नव्हती आणि काटाही नव्हता. पण ‘गावे’ हा शब्द होता, आणि आम्हां मुलांना तेवढा पुरे होता. मला अक्षरओळख झाली ती पाटीवर की त्या पेटीवर, हे मी खात्रीने सांगू शकणार नाही.

तो रेडिओ केव्हाच मोडीत गेला. पुढे विकतचे आले, गेले. आई होती तोवर सकाळी रेडिओ लावण्याचे काम तिचे. ती गेली आणि वर्षभराने दादांचे डोळे गेले. गेले म्हणजे आंधळे झाले असे नव्हे. पडद्याच्या मधल्या भागाची झीज झाली आहे, असे डॉक्टर म्हणतात. या दुखण्याची तऱ्हा अशी की, कडेचे दिसते आणि नेमके ज्याच्याकडे पाहावे ते दिसत नाही. दादा म्हणतात, “शब्दाकडे पाहिले की तो मधूनच कुरतडला जातो.” घरात वावरतात, अंगणात फिरतात, पण हल्लीच्या रेडिओवरची ती काळ्यावर करड्या रंगात छापलेली मुंगीएवढी इंग्रजी अक्षरे आणि एकसारखी दहा बटणे त्यांना काही केल्या उमगेनात. दोन-तीनदा भलतेच बटण दाबले गेले. मग त्यांनी रेडिओ लावणेच सोडले. कोणाला ‘लावून दे’ म्हणण्याचा त्यांचा स्वभाव नाही. सकाळी सात वाजता ते नुसतेच खुर्चीत बसून राहू लागले.

हे प्रथम ध्यानात आले ते माझ्या मुलीच्या. ती इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने आजोबांसाठी रेडिओ करावयाचे ठरविले. एफ.एम.ची छोटी तयार पट्टी आणली, आवाज वाढविण्याचा भाग स्वतः जोडला. एलएम ३८६ नावाची आठ पायांची एक चकती असते. मुगाच्या शेंगेच्या तुकड्याएवढी ती चीज चार इंची स्पीकर खोलीभर वाजविते, याचे मला अजूनही नवल वाटते. सुताराकडून सागवानी पेटी झाली. पुढे ॲल्युमिनियमचा पत्रा. बटणे दोनच, ती मोठी. आणि एक खटका. मग ती मला म्हणाली, “बाबा, अक्षरे तुम्ही काढा. तुमचे अक्षर चांगले आहे.”

मराठीच्या अध्यापकाला याहून मोठा मान कोणता? मी रविवारची सकाळ त्या कामी लावली. न पुसणाऱ्या शाईचे पेन घेतले, पट्टीने रेघा आखल्या आणि वळणदार अक्षरांत डाव्या बटणाच्या जागी ‘ध्वनिनियंत्रण’, उजव्याच्या जागी ‘केंद्रनिवड’ आणि खटक्याच्या जागी ‘विद्युत्प्रवाह’ असे लिहिले. कोपऱ्यांत वेलबुट्टीही काढली. अक्षरे टिकावीत म्हणून वरून पारदर्शक लॅकरचा फवारा सढळ हाताने मारला.

पहिला अनर्थ अर्ध्या मिनिटात घडला. लॅकरमधला द्रव शाईलाही विरघळवितो, हे मला ठाऊक नव्हते. ‘ध्वनिनियंत्रण’ ओघळू लागले. फवारा मारावयाचाच तर दुरून, पातळ, थांबून थांबून मारावा. आणि त्याआधी रद्दी तुकड्यावर शाई टिकते की नाही ते पाहावे. हे मुलीने मला मागाहून सांगितले. दुसरा अनर्थ बटण बसविताना झाला. मी अक्षरे भोकाजवळ काढली होती. आणि बटण भोकाएवढे नसते, ते चांगले दीड इंचाचे असते. ते बसविताच ‘केंद्रनिवड’मधले ‘केंद्र’ त्याखाली दडपले गेले आणि ‘निवड’ तेवढी राहिली. घरी पेट्या करणारे नवशिके बहुधा याच खड्ड्यात पडतात, असे कळले. मला त्यामुळे थोडे बरे वाटले.

तिसरा अनर्थ मात्र बरे वाटण्याजोगा नव्हता. दादांपुढे ती पेटी ठेवली. त्यांनी मान वाकडी करून कडेच्या नजरेने बराच वेळ पाहिले.

“काय लिहिले आहेस?”

“ध्वनिनियंत्रण.”

“अरे, मला आवाज वाढवायचा आहे. ध्वनीचे नियंत्रण सरकारने करावे.”

मुलगी हसली. मीही हसलो. दादा हसले नाहीत. त्यांनी पत्र्यावरून बोट फिरविले, सपाट वाटले, आणि ते म्हणाले, “छान दिसत असेल.” ‘असेल’ या शब्दावर त्यांनी मुळीच जोर दिला नव्हता. तरी तो मला लागायचा तसा लागला. ज्याच्यासाठी लिहिले त्याला ते दिसणार होते की नाही, याचा मी क्षणभरही विचार केला नव्हता. मी ते पाहुण्यांसाठी लिहिले होते.

म्हणून आम्ही पुण्याला निघालो.

स्वारगेटला उतरून मंडईपर्यंत जमिनीखालच्या मेट्रोने गेलो. २०२४ च्या सप्टेंबरात ही गाडी सुरू झाली. बसावे न बसावे तोच मंडई येते. वर आलो तो समोर मंडईची १८८६ सालची ती अष्टकोनी दगडी इमारत. दिवस पितृपक्षाचे. गणपतीची गर्दी ओसरलेली आणि नवीन वस्तू घ्यावयाची नाही म्हणून बाजार सुस्तावलेला. आमच्यासारख्या रिकामटेकड्या गिऱ्हाइकांना याहून चांगला मुहूर्त नाही. दुकानदार बोलावयास मोकळे असतात.

पाटीसाठी पुण्याला यावे यात एक औचित्यही आहे. पाट्या लिहाव्यात त्या पुणेकरांनीच. दोन ओळींत आमंत्रण, अटी आणि अपमान बसविण्याची कला दुसऱ्या कोणत्या गावाला साधली आहे? इतकेच काय, या गावाने देवांनाही पाट्या लावल्या आहेत. जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, सोट्या म्हसोबा! देव सर्वत्र एकच असेल. पण बुधवारातला कोणता आणि नारायणातला कोणता, हे कळल्यावाचून पुणेकर नमस्कार करीत नाही. आम्हांला जावयाचे होते ते पासोड्या विठोबाकडे. या देवळाजवळ एके काळी पासोड्या विकत, म्हणून विठोबाला हे नाव पडले. आता तिथे पासोडी औषधाला मिळावयाची नाही. आसपासच्या बोळांत आणि तापकीर गल्लीत तारा, दिवे, खटके, स्पीकर आणि विजेची नाना यंत्रे यांची दुकाने खेटून उभी आहेत. पासोड्या गेल्या, विठोबा राहिला आणि नावही राहिले. लिहिलेल्या पाटीपेक्षा म्हटलेली पाटी अधिक टिकते, असा याचा अर्थ असावा.

दुकानात मुलीने आपली यादी काढली. आवाजाच्या बटणामागे जो फिरता भाग असतो त्याला या धंद्यात ‘पॉट’ म्हणतात. पहिला पॉट दादांना पसंत पडला नव्हता. जरा फिरविला की रेडिओ ओरडे, आणि पुढे कितीही फिरवा, फरक कळत नसे. दुकानदार म्हणाले, “ताई, तुम्ही लिनियर लावलाय. आवाजाला लॉग लागतो.” मग त्यांनी मला समजावून सांगितले. आपला कान बेरजेने ऐकत नाही, गुणाकाराने ऐकतो. म्हणून आवाजाचा पॉट असा बनवितात की निम्मा फिरवला तरी जेमतेम दहावा-सातवा हिस्साच पुढे सोडावा. तेव्हा कुठे कानाला वाढ सारखी वाटते. मला ही गोष्ट फार आवडली. बटणाभोवती शून्य ते दहा आकडे असतात ते कसले, असे मी विचारले. कसलेच नाहीत, ते म्हणाले. ना इंच, ना तोळा. माणसाने ‘काल पाचवर ठेवला होता’ असे म्हणावे, एवढ्यासाठी ते असतात.

आकड्यांची आखणी मात्र शास्त्रोक्त आहे. असा पॉट बहुधा तीनशे अंशांत फिरतो. त्याचे दहा भाग केले की एकेक भाग तीस अंशांचा. शाळेतल्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला की काम झाले. पूर्ण वर्तुळातले उरलेले साठ अंश खाली मोकळे राहतात. शून्य डावीकडे खाली, दहा उजवीकडे खाली आणि पाच बरोबर डोक्यावर. शब्दही बटणाच्या वर हवा, खाली नव्हे. कारण खाली लिहिलेला शब्द बटण धरणाऱ्या हाताने झाकला जातो. अशा क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टींवर इतक्या माणसांनी इतका विचार करून ठेवला आहे, हे पाहून मला माझ्या वेलबुट्टीची लाज वाटू लागली.

तेथून आम्ही अप्पा बळवंत चौकात गेलो. पानिपतच्या मोहिमेत पडलेल्या बळवंतराव मेहेंदळ्यांच्या चिरंजिवांचे हे नाव. आज ते पाठ्यपुस्तकांशी आणि वह्यांशी कायमचे जोडले गेले आहे. मी येथे विद्यार्थी म्हणून जुनी पुस्तके विकावयास आलो आहे आणि अध्यापक म्हणून तीच विकत घ्यावयास. या खेपेस ट्रेसिंग पेपर घेतला आणि अक्षरांचे साचे पाहू लागलो. घरी केलेल्या यंत्रांवर अक्षरे काढण्याच्या रीती पिढीगणिक बदलत आल्या आहेत. दादांच्या पिढीचा ब्रश. मग आली घासून उमटवावयाची अक्षरे. लंडनच्या लेट्रासेट कंपनीने १९६१ पासून कोरडी अक्षरे बाजारात आणली. पारदर्शक कागद पत्र्यावर ठेवून वरून घासला की छापल्यासारखे अक्षर उतरे. माझ्या एका मित्राच्या टेपरेकॉर्डरवर ती मी पाहिली आहेत. ‘ई’ संपल्यामुळे त्याने ‘एफ’ला खाली एक रेघ जोडून दिली होती. आता संगणकावर छापलेली चिकटपट्टी.

दुकानात मुलीच्या हाती एक छोटे यंत्र लागले. डायमो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत निघालेले. चाक फिरवून अक्षर निवडावे, चाप दाबावा, की रंगीत प्लॅस्टिकच्या पट्टीवर पांढरे अक्षर उठून येते. शाई कुठेच नाही. प्लॅस्टिक ताणले की पांढरे पडते, त्याच गुणावर सारा खेळ. तिने एक अक्षर उठविले, त्यावरून बोट फिरविले आणि ती एकदम थांबली.

“बाबा, डोळे मिटा.”

मी मिटले. बोटाखाली एक उंचवटा लागला. “टी,” मी म्हणालो.

“आजोबांना हे कळेल!”

कळले असते. पण चाकावर अक्षरे होती ती इंग्रजी, आणि तीही तांदळाएवढी. देवनागरी चाक त्यांच्याकडे नव्हते. आम्ही उभ्या उभ्या विचार केला. अक्षर उठते कसे? मागून दाबले म्हणजे पुढे उठते. प्लॅस्टिकचे होते तर पातळ पत्र्याचे का होऊ नये? पण पत्र्यावर मराठी अक्षर मागून ठोकणार कोण?

त्या कोड्याचे उत्तर वाटेत मिळाले. प्रथम आम्ही रविवारातल्या बोहरी आळीत जाऊन रंग घेतले. ॲल्युमिनियमवर रंग सरळ लावला तर पुढे त्याचे पापुद्रे निघतात. कारण त्या धातूच्या अंगावर हवेने एक अदृश्य साय धरलेली असते. तिला पकड घेणारा निराळा प्राइमर आधी लावावा लागतो. दुकानदाराने तो काढून देताना सांगितले, “आधी साबणाने धुवा. नंतर बोट लावू नका. बोटाचे तेलही रंगाला नडते.” काळा रंग घेतला आणि पिवळा घेतला. अधू नजरेला काळ्यावरचे पिवळे त्यातल्या त्यात बरे दिसते. लाल-निळ्याचा मोह मी टाळला.

परत तुळशीबागेकडे येताना भांड्यांच्या एका दुकानासमोर नवी नवरी आणि तिची आई उभी होती. आत एक वृद्ध कारागीर स्टीलच्या डब्यावर नाव घालीत बसले होते. आम्ही दोघेही एकमेकांकडे पाहू लागलो.

महाराष्ट्रात असे घर क्वचितच असेल की जिथे भांड्यांवर नावे नाहीत. ताटावर आजोबांचे नाव, वाटीवर मावशीचे, कळशीवर ‘चि. सौ. कां.’पासून तारखेपर्यंत सारा मजकूर. शेजारी वाटी गेली तर परत यावी हा त्यातला व्यवहार. पण तेवढाच नव्हे. कोणी, कोणाला, केव्हा दिले याची ती नोंद असते. आमच्या घरी आईच्या माहेरच्या पितळी डब्यावर जे नाव आहे त्या बाईंना पाहिलेले कोणी आज हयात नाही. पण रोज पोहे काढताना ते नाव हाताला लागते.

आम्ही काकांना आमची अडचण सांगितली. त्यांनी पत्रा वाकवून पाहिला आणि विजेवर थरथरणारे आपले कोरणीयंत्र चालविले. पत्र्याच्या कोपऱ्यावर क्षणात ‘आ’ उमटला. मुलीने डोळे मिटून बोट फिरविले. काही लागले नाही.

“ते दिसायला आहे, लागायला नाही,” काका म्हणाले. “लागायला पाहिजे तर जुनी रीत.” त्यांनी गल्ल्याखालून एक छोटी हातोडी आणि बोथट टोकाचा एक टोचा काढला. पूर्वी भांड्यांवर नावे ठोकून घालीत, टिंबाला टिंब जोडून. पत्रा जाड रबरावर उलटा ठेवला आणि मागून एक ठोका दिला. पुढच्या बाजूस ज्वारीच्या दाण्याहून लहान असा एक उंचवटा आला.

मागून ठोकायचे म्हणजे अक्षर उलटे हवे. मी ट्रेसिंग पेपरवर ‘आ’ आणि ‘ग’ चांगले इंच इंच उंचीचे काढले आणि कागद उलटा करून पत्र्याला चिकटविला. काकांनी तो न्याहाळला. “काय लिहिलंय हे, सर? मोडी आहे का?” त्यांनी विचारले. उलटे मराठी वाचताना मला स्वतःलाही क्षणभर तसेच वाटले होते.

टिंबे किती अंतरावर असावीत हे मुलीने वाचून ठेवले होते. अंधांच्या ब्रेल लिपीत एका अक्षरातली टिंबे सुमारे अडीच मिलिमीटर अंतरावर असतात. त्याहून जवळ आली की बोटाला ती एकच वाटतात. म्हणूनच अक्षर इंचभर हवे. काका ठोकू लागले. मग थांबून त्यांनी विचारले, “वरची रेघ मारू का?”

मी ‘हो’ म्हणणार होतो. शिरोरेखेवाचून मराठी अक्षर म्हणजे अनवाणी पाहुणा! पण मुलीने काकांना दुसऱ्या रद्दी पत्र्यावर दोन्ही तऱ्हांनी ‘ग’ ठोकून दाखवावयास सांगितले आणि ती डोळे मिटून बसली. रेघेचा ‘ग’ तिला ओळखू येईना. बोट रेघेलाच लागून घसरत जाई. बिनरेघेचा तिने तत्काळ ओळखला. ‘आ’ला दोन उभे दंड, ‘ग’ला एक. बोटाला एवढे पुरते. वीस वर्षे विद्यार्थ्यांच्या वह्यांत शिरोरेखा नाही म्हणून मी लाल शाईने खुणा करीत आलो. तुळशीबागेत एका दुकानाच्या पायरीवर बसून मी म्हणालो, “रेघ नको.”

बटणांभोवतीची अकरा-अकरा टिंबेही त्यांनी तीस तीस अंशांवर ठोकून दिली. शून्य, पाच आणि दहा यांची जरा ठसठशीत. पैसे अक्षरांचे घेतले. “टिंबांचे काय घ्यायचे?” असे म्हणाले. मग पत्रा पुसून त्यांनी विचारले,

“आणि नाव कोणाचे घालायचे?”

“भांडे नाही हो ते, काका. रेडिओचा पत्रा आहे.”

“पण कोणाला तरी द्यायचाच आहे ना?”

यावर उत्तर नव्हते. पत्र्याच्या मागच्या बाजूस, जी पेटीच्या आत जाणार आणि पुन्हा कोणाला दिसणार नाही अशा जागी, काकांनी यंत्राने घातले : ‘ती. दादांस. दिवाळी २०२५.’ त्याखाली मुलीचे नाव. माझे घालू नका असे मी सांगितले. मी केले होते तरी काय?

परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून बाजीराव रस्त्यालगतच्या केळकर संग्रहालयात तासभर काढला. दिनकर केळकर म्हणजे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे गृहस्थ. लहानपणी गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी हा संग्रह उभा केला आणि पुढे सरकारच्या स्वाधीन केला. मी तो पूर्वी दोनदा पाहिला होता आणि दोन्ही वेळा मूर्तींसमोर थांबलो होतो. या वेळी थांबलो अडकित्त्यांसमोर. घोडे, पोपट, माणसे, किती आकार! कुठलाही घरगुती जिन्नस कोणी कोरा सोडलेला नाही. पण नीट पाहिले तर नक्षी हाताच्या आड येत नाही. घोड्याची मान आहे तिथेच मूठ बसते. माझ्या वेलबुट्टीत जे नव्हते ते हे. हाताला काय हवे याचा आधी विचार केला, की मागाहून आलेली शोभा उपरी वाटत नाही.

घरी आल्यावर पत्रा धुतला, प्राइमर दिला, काळा रंग दिला, दोन दिवस वाळविला. उंचवट्यांच्या माथ्यावर चारशे नंबरचा पॉलिश पेपर हलकेच फिरविला, तेव्हा काळ्यातून धातूची टिंबे चमकू लागली. आता राहिले पिवळ्या रंगातले शब्द. ते तरी मोठे, जाड आणि बटणापासून दूर असे मीच लिहावयाचे होते. आवाजाविषयी वाद नव्हता. दुसऱ्या बटणाचा ‘ग’ पुण्यातच ठोकून आणला होता, त्याविषयी दादांना आम्ही काही बोललो नव्हतो.

मी ब्रश घेऊन बसलो. दादा शेजारी येऊन बसले.

“ब्रश उभा धर,” ते म्हणाले. “रंग कमी घे. दंड एका दमात ओढ.”

“तुम्हांला दिसते आहे?”

“ब्रश घासल्याचा आवाज येतो ना. मघापासून तू तीनदा थांबलास.”

मी दंड एका दमात ओढले. शब्द पुरे झाले, पेटी जुळली आणि घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी ती दादांच्या खुर्चीशेजारी ठेवली. दिवाळीपर्यंत थांबण्याचा धीर मुलीला नव्हता. दादांनी आधी काहीच विचारले नाही. डाव्या बटणाच्या वर बोट नेले. दोन दंड. “आवाज,” ते म्हणाले. मग हात उजवीकडे सरकला. एक दंड, अलीकडे आकडा. बोट तिथे थबकले, पुन्हा मागे आले, पुन्हा फिरले.

“गावे,” दादा म्हणाले.

कोणीच काही बोलले नाही. दादांनी खटका ओढला, आवाज पाचाच्या टिंबावर नेला, दोनच टिंबे मागे आणला, आणि गावे फिरवू लागले. साताऱ्यात लागणारी केंद्रे ती किती! पण एकेका ठिकाणी थांबून ते कान देत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी अंथरुणातच होतो. बाहेरच्या खोलीतून बातम्या ऐकू आल्या. उठून पाहतो तो दादा खुर्चीत बसलेले. रेडिओ त्यांनी स्वतः लावलेला.

चहाच्या वेळी मला म्हणाले, “त्या पुण्याच्या कारागिराला विचार, शेगडीच्या बटणाला आणि न्हाणीघरातल्या गीझरला असे काही करून देतो का. परवा मी थंड पाण्याने अंघोळ केली.”

“मला सांगायचे नाही का, दादा?”

“लहान गोष्टीसाठी काय सांगायचे?”

शेगडीचे आणि गीझरचे माप घेऊन ठेवले आहे. दिवाळीची सुट्टी लागली की आम्ही बापलेक पुन्हा पुण्याला जाणार आहोत. एस.टी.त शेजारच्या गृहस्थांनी विचारलेच तर काय सांगावयाचे, ते मात्र अजून ठरलेले नाही.